वैनीच्या नावाची फाईल

१२ सप्टेंबर, शुक्र.

आठशे मीटर २ मि. ५६ से. सरांनी घड्याळ नाकासमोर धरलं. "शीतल, अजून सहा सेकंद. दोन किलो उतरव, उडशील नुसती." त्रेचाळीसवर आलेय. अजून दोन किलो कुठून काढू, कान कापून देऊ?

दुपारी अर्धी भाकर, मूठभर हरभरे. मेसच्या मावशी भात घेऊन आल्या, मी ताटावर हात धरला.

म. नाय. पाळी मे महिन्यात आलेली शेवटची. जून, जुलै, ऑगस्ट कोरे गेले, हा पण चाललाय. पहिले दोन महिने मला बरंच वाटलं, खोटं काहून बोलू. मैदानावरच्या पोरींना पाळीचं केवढं टेन्शन. पोलीस भरतीच्या ग्राउंडच्या दिवशीच आली तर? दोघीतिघींनी पुढं ढकलायच्या गोळ्या आत्तापासून आणून ठेवल्यात. माझी आपोआप थांबली, म्हणलं चला, देव पावला. आता तसं नाय वाटत. आता रोज उठल्या उठल्या आधी तेच बघते.

२४ सप्टेंबर, बुध.

मायचा फोन. देवगावला घट बसलेत, दोन दिवस येऊन जा. म्हणलं सराव हाय. तर म्हणती, "पंचमीला आलतीस तवा तुझी अडचण नव्हती. महालक्ष्म्यांना आलतीस तवाबी नव्हती. बरं जमवतीस गं."

हसत म्हणली. माय सणांवर दिवस धरती. माझे, वैनीचे, दोघींचे. कोणती मेंढी कधी व्यायची ते आबांना तोंडपाठ, आमचं मायला. त्यात वैनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली अन् पोटपाणी पिकलं नाय, त्यामुळं त्या घरात पाळी म्हणजे साधी गोष्ट राहिलीच नाय. वैनी पाळीला मागच्या सपरात जाऊन बसली की चार दिवस घरात कुणी नीट बोलत नाय.

शेवटी आफरीनला सांगितलं. कुणाला तरी सांगायला पाहिजेच होतं, अन् रूमवर तीच एक हाय. ती औरंगपुऱ्यात मेडिकलच्या काउंटरवर असती, तिला यातलं कळतं. ऐकून म्हणली, "कोई है क्या?"
"कोण आसणार? गोळाफेकीचा गोळा?"
"हौ, सबी येच बोलते काउंटरपे."

२६ सप्टेंबर, शुक्र.

आफरीननं किट आणलं तरी. एकच रेघ आली. माझं मला माहीत की असलं काय नाय, कधी कुणाचा हात पण धरलेला नाय, तरी ती रेघ उमटेपर्यंत बिरोबाला हाका मारत बसले. येडी कुठली.

आ. म्हणली, "बच्चा नाय, म्हणजे दुसरं कायतरी हाय. थायरॉईड, गाठी, टेन्शन, वजन... पन्नास कारणं असतात गं. बाईडॉक्टरकडं चल."
नको म्हणलं. गळ्यात मणी नसलेली पोरगी त्या दवाखान्यात बसलेली कुणी गावच्यानं बघितली तर संध्याकाळच्या आत देवगावात बातमी. मग आबा फक्त एकच करतील. बॅग भरायला लावतील. आबांनी जूनमध्येच सांगितलंय, ही भरती शेवटची, नाय झाली तर वैजापूरचं स्थळ थांबलंय. दोनदा देऊन झाली. एकदा चार मार्कांनी गेली, एकदा दोननं. यावेळी जायची नाय.

६ ऑक्टो., सोम.

केस लई गळायलेत. वेणी बोटाएवढी उरली. पंख्याखाली सगळ्या पोरी हाश्श करतात अन् मी गोधडी घेते. उजव्या पायाच्या नळीत कळ. लेणीच्या चढावर थांबले, सरांनी बघितलं. "मनाचं दुखणं आहे ते."

मनाचं असंल तर नळीवर हात ठेवल्यावर काहून दुखतं?

म. नाय.

२० ऑक्टो., सोम. देवगाव

हे मागच्या सपरात बसून लिहितेय. माझ्याच तोंडानं आले इथं.

सकाळी चुलीपुढं शेवेचं पीठ मळत होते. माय तळत होती. एकाएकी झारा ठेवला. "दिवाळीलाबी नाय?"
मी पीठ मळतच राहिले.
"शितल. माझ्याकडं बघ." आवाज असा की मला बघवेना. घरात आम्ही दोघीच. "खरं सांग. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मला आधी कळू दे."
अन् मी म्हणले, "माय, आत्ताच आली बघ."

झालं. पीठ तसंच टाकून उठले. मायनं शिव्या घातल्या, सगळं पीठ बाटलं म्हणली, उद्याच्या लक्ष्मीपूजनाचाच मुहूर्त गावला का तुला म्हणली. पण ओरडता ओरडता तिच्या तोंडावरचं सगळं उतरलं. पदरानं डोळे पुसले, धूर गेला म्हणली. सणासुदीला लेक बाहेर बसली म्हणून एवढी खूश झालेली आई मी पहिल्यांदा बघितली.

आता चार दिवस इथं. गोधडी, तांब्या, वेगळी ताटली. बोकड बांधलाय शेजारी, तो एकटाच मला शिवतोय.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा

मेंढरं ओवाळली. लांबून बघितलं. आबांनी नवं घोंगडं घेतलंय, दादानं फटाका लावून मेंढरं उधळवली, दरवर्षीसारखी. मी ओरडले, "दादा, काळीला धर!" तर माय म्हणली, तिथूनच बस ओरडत.

दुपारी वैनी आली. नवी साडी सोडलेली, काखेत गोधडी. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.
"सहा दिवस वर गेलते, ताई. मला वाटलं यंदा..." साडी पण तिनं त्याच आनंदात नेसलेली सकाळी. मायनं दोघींची ताटं आणली. माझं ठेवलं. तिचं आपटलं.

वैनीकडं कापड आत राहिलं होतं, आत जाता येईना. मला म्हणली, तुमच्यातलं एक द्या. मी बॅगेतून पाकीट काढून दिलं. तिनं उलटं केलं, सुलटं केलं. "कोरं हाय की हे. तिसरा दिवस ना तुमचा?"
"दुसरं होतं. संपलं."
"आस्सं."
आणखी काय विचारलं नाय. रात होईपर्यंत माझ्या पोटाकडंच बघत होती.

२३ ऑक्टो., गुरु.

भाऊबीज. दादाला ओवाळता आलं नाय, जन्मात पहिल्यांदा. तो सपराच्या दाराशी आला, ट्रॅक पँटची पिशवी आत फेकली. "ताटात दिवा नसला तर नसू दे. पोलीस झालीस की सॅल्यूट मार मला." गेला हसत.
लई रडले. खोट्या पाळीचा खरा विटाळ पाळून बसले मी.

४ नोव्हें., मंगळ.

गेले शेवटी. आ.नं फरपटत नेलं. काल चढाला पाय असा दुखला की रस्त्यात बसले, म्हणून.

दवाखान्यात गर्दी. सगळ्या पोटुशा, नाहीतर नवऱ्याबरोबर. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, नाव? मी तोंड उघडलं अन् वैनीचं नाव बाहेर पडलं. रेखा. वय सव्वीस. लग्न? झालंय. किती वर्षं? सहा. मूलबाळ? नाय. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. गळ्यात आ.नं दिलेली काळ्या मण्यांची पोत होतीच. बिनलग्नाची पोरगी पाळी गेली म्हणून आली म्हणलं की काउंटरपासून कंपाउंडरपर्यंत सगळे कसं बघतात, ते आ. रोज बघती. तिनंच सांगितलेलं, बाई बनके जा.

डॉक्टर बाई चांगल्या. बाकी कायबी खोटं सांगितलं तरी पळण्याचं खरं सांगितलं. लग्न झालेल्या बायकाही भरती देतात, त्यांना नवल वाटलं नाय. काय खाता? सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. "एवढ्यावर रोज दहा किलोमीटर?"
रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. शनिवारी रिपोर्ट.

८ नोव्हें., शनि.

थायरॉईड बरोबर. गाठी नाहीत. दुसरं पण काय नाय.

"मग?" म्हणलं.
"मग उपाशी आहात." असं थेट. "पाळी चुकायला कारणं पुष्कळ असतात. गरोदरपण असतं, थायरॉईड असतं, अंडाशयात गाठी असतात, एखादं औषध असतं, घोर असतो. तुमचं तसलं काही नाही. तुम्ही जेवढं खाता त्याच्या दुप्पट जाळता. शरीर म्हणतं, इथं माझंच भागेना, वर पाळी कुठून चालवू? म्हणून ते बंद केलंय त्यानं. अंडं तयारच होत नाहीये सध्या."

मला एकदम आबा आठवले. दुष्काळात चारा नसला की मेंढी फळत नाय, हे त्यांना सांगावं लागत नाय. हे सगळं आबांना एका मिनिटात कळलं असतं. पण बापाला असलं सांगती का कुणी पोरगी?

तीन महिने पळणं बंद. पाच किलो वाढवा. "गोळी देऊन रक्तस्राव आणता येईल, पण ती खरी पाळी नव्हे, मूळ दुखणं तसंच राहील." अन् नळीला हात लावून म्हणल्या, हाडं ठिसूळ होतात यात, एक दिवस पळता पळता मोडेल. काय खायचं त्याचा कागद दिला, त्यावर खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, पतीचीही तपासणी करून घ्यावी. मी मान हलवली. कोण पती!

तीन महिने. ग्राउंड जानेवारीत लागेल म्हणतात सगळे. तीन महिन्यांनी मी वैजापुरात भाकरी थापत असेन.

रिक्षातून उतरल्यावर आ. म्हणली, "पैर टूट गया तो भी तो भर्ती नाय."

१८ नोव्हें., मंगळ.

दहा दिवस झाले पळले नाय. सरांना म्हणलं ताप.

आज दुपारी दारात वैनी. एकटी. देवगावाहून यस्टीनं. घरी सांगितलंय, संभाजीनगरला दवाखान्यात जाते, कुणीतरी चांगली बाई डॉक्टर सांगितलीय. माय म्हणे लगेच हो म्हणली.

आ. कामावर गेलेली. वैनीनं दार लावलं, पाणी पण घेतलं नाय. "कितवा महिना?"
"काय?"
"ताई, कोरं पाकीट बघितलंय मी. मायला सांगितलं नाय. कुणालाच नाय सांगणार." माझा हात धरला, तिचा हात गार पडलेला. "मला द्या."
मला कळेचना.
"पोटाला फडकं बांधते. पाचव्यापासून माहेरी जाऊन राहते, तुमी बी तिथंच या, भरतीचा क्लास म्हणून. माझ्या आईला मी सांभाळते. बाळ माझं म्हणून येईल घरी. तुमचं नाव कुठंच नाय. पाया पडते तुमच्या. पाडू नका फक्त."
सगळं ठरवून आलती. महिनाभर मनात तेच घोळवत असणार.

मी म्हणलं, "वैनी, काय नाय गं. बाळबिळ काय नाय." तिला पटेना. मग सगळे कागद काढले. रिपोर्ट तिच्या हातात दिला. सातवी शिकलीय, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली. बोट नावावर थांबलं. "हे माझं नाव?"
सगळं सांगितलं. पळणं, खाणं, डॉक्टर, पोत, सगळं.
ती ऐकत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती रडत होती. मी गरोदर नाय म्हणून रडत होती. मग तोंड पुसलं अन् चिडली. "माझी येती तर घर रडतं. तुमची येऊ शकती तर तुमी ती उपाशी मारायलात. कुणासाठी, त्या शिट्टीसाठी?"
मी पण सोडलं नाय. म्हणलं, "तुला पोराशिवाय दुसरं काय दिसतच नाय का?"
बोलून गेले. जीभ झडायला पाहिजे होती.

तिनं डबा उघडला, भाकरी अन् मेथी आणलेली, मला खाऊ घातली, लहान पोराला घालतात तशी. जाताना खायचा कागद मागितला. "काय काय लिहिलंय बघते. डिंकाचे लाडू करून धाडते." सोनोग्राफीच्या कागदाला पिन मारलेला होता तो, तसाच घेऊन पिशवीत घातला. दवाखान्याच्या फाईलीसकट. मी म्हणलं, लपवून ठेव. म्हणली, माझ्या ट्रंकेला कुणी हात लावत नाय.

२७ नोव्हें., गुरु.

लाडू आले. यस्टीच्या कंडक्टरबरोबर, स्टँडवर जाऊन घेतले. बत्तीस. रोज दोन. पहिला खाताना घशाखाली उतरेना, वाटलं एकेक घास म्हणजे एकेक सेकंद वाढतोय. आ. समोर बसून मोजत होती.
४४.५ किलो.

२ डिसें., मंगळ.

मैदानावर गेले नुसतं बघायला. बघवलं नाय, पळले. आठशे ३ मि. ०५ से. सरांनी वहीत लिहिलं अन् मान वर पण केली नाय. "कुणाला गोल गरगरीत आत्याबाई व्हायचंय, कुणाला पोलीस. ठरवा." सगळ्या पोरी हसल्या.
उद्यापासून परत सकाळी. लाडू आ.ला देऊन टाकले, तिनं कपाटात कुलूप लावून ठेवले.

म. नाय. सात महिने.

७ डिसें., रवि.



दादाचा फोन. सकाळी, मैदानावरून येताना. "तुला माहीत होतं का? तुझ्याकडंच थांबलती ना ती, दवाखान्यात आलती तवा?"
कुणी? काय?
माय मेथीच्या बिया शोधायला वैनीची ट्रंक उघडून बसली. फाईल सापडली. दादानं गावातल्या मेडिकलवाल्याकडनं वाचून घेतली. चारचौघांत, काउंटरवर. रेखा, वय सव्वीस, लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. अन् खाली, अंडं तयार होत नाही.
"तिच्यातच दोष हाय शितल. कागदावर आलंय आता. एवढी वर्षं लपवलं तिनं." दादाचा आवाज रडवेला. तो वाईट नाय, दादा. त्याला खरंच वाटतंय की त्याला फसवलं.
मी विचारलं, "वैनी काय म्हणती?"
"काय म्हणंल? खाली मान घालून बसलीय. एक शब्द नाय."

एक शब्द नाय! तिनं नुसतं म्हणायचं होतं, हा कागद माझा नव्हं. पुढचा प्रश्न आला असता, मग कुणाचा? म्हणून नाय म्हणली.
मी म्हणलं, "दादा, ऐक..." तो म्हणला, "तू तुझ्या ग्राउंडचं बघ. या भानगडीत पडू नको." फोन ठेवला. मी परत लावायला पाहिजे होता. मी अंघोळीला गेले.

तिथं तारीख पण लिहिलेली हाय, आठ नोव्हेंबर. वैनी शहरात आली अठराला. कुणीच बघितली नाय तारीख. अन् खायच्या कागदावर डॉक्टर बाईंनी मराठीत लिहिलंय, पतीची तपासणी. तेवढी ओळ मेडिकलवाल्यानं वाचली नाय का दादानं ऐकली नाय, कुणास ठाऊक.

९ डिसें., मंगळ.

आ.ला सांगितलं. ती जागची उठली. "फोन लगा. अब्बी."
म्हणलं, एक महिना. ग्राउंड होऊ दे, मग सांगते.
"एक महिने में उसका घर जाएगा."
"अन् आत्ता सांगितलं तर माझं जातं."
"तू ने नाव चुराया उसका, शीतल."
"पोत कुणी दिली होती?" मी म्हणले. ती रडायलाच लागली. आता दोघी बोलत नाय. ती गॅसकडं तोंड करून बसती, मी भिंतीकडं.

पाच किलोमीटर पळले. नळी ठणकतीय.

१५ डिसें., सोम.

हॉलतिकीट आलं. ७ जानेवारी, सकाळी सहा.

वैनीला माहेरी धाडलं. मायनंच सांगितलं फोनवर, अगदी साध्या आवाजात, "चार दिवस जाऊन ये म्हणलं." ट्रंक पण दिली बरोबर. चार दिवसांसाठी ट्रंक कोण देतं, माय?

आबा काय म्हणले विचारलं. तर माय म्हणती, "तुझे आबा म्हणले, दोष काढायला नको, कुणाचाबी असू शकतो. त्यांचं कोण ऐकतं." मग म्हणली, "तू नीट खात जा. आवाज खोल गेलाय तुझा."

२२ डिसें., सोम.

दादासाठी पोरगी बघायला जाणार आहेत. चार तारखेला, रविवारी. चुलत्यानं स्थळ आणलंय, कन्नड तालुक्यातलं. म्हणलं, पौष सुरू हाय, पौषात कोण पोरगी बघतं? माय म्हणली, बघायला काय हुतंय, कुंकू माघात लावू. अन् वैनी? "तिला काय हाकलून देत नाय. राहील ती बी. दोघी राहतील."
दादा काय म्हणतो? काय म्हणत नाय. मेंढरांकडंच असतो म्हणे दिवसभर.

चाराला पोरगी. साताला ग्राउंड. तीन दिवस आधी.

आठशे २ मि. ५४ से. सरांनी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा. मला ओकारी आली, मैदानाच्या कडेला जाऊन बसले.

२६ डिसें., शुक्र.

आ. बोलली आज. काउंटरवर एक बाई आली म्हणे, पाळीला दहा दिवस वर गेलेत म्हणून किट न्यायला, आनंदानं नुसती हसत होती. मागोमाग कॉलेजची पोर आली, तिचे पण दहा दिवस, तेच किट, ती रडत होती. "येक ही डब्बे में से दिया दोनों को." एवढंच सांगितलं अन् कपाटातला लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. तुपाचा वास यायला लागलाय.

म. नाय. नळी सुजलीय, बूट घालताना कळतं.

२९ डिसें., सोम.

दुपार. वैनीला फोन केला. माहेरचा नंबर, तिच्या आईनं उचलला, मला ओळखल्यावर नुसती "घ्या" म्हणली.

मी सगळं पाठ करून ठेवलेलं. चुकलं, माफ कर, आज सांगते घरी. वैनीनं बोलूच दिलं नाय.
"ग्राउंड कधी?"
"साताला."
"मग सातालाच पळा. नंतर सांगा काय सांगायचं ते."
"वैनी, चाराला ते पोरगी बघायला..."
"माहीत हाय मला. अख्ख्या तालुक्याला माहीत हाय."
"अन् ठरलं तर? दादानं खरंच दुसरी केली तर?"
तिकडं कोंबड्या ओरडत होत्या. मग म्हणली, "मग तुमी पोलीस झालेल्या असताल ना. या, अन् धरून न्या त्येंला."

हसली ती. खरंच हसली. मला हसताच येईना. मी विचारलं, तू खरं काहून सांगत नाय गं? तर म्हणती, "सांगून काय, ताई? तुमचा कागद तुमच्या नावावर गेला तरी माझी ओटी रिकामीच. निदान एकीचं तरी काम होऊ द्या. पण पायाला जपा." अन् मग, एकदम हळू, "मला वाटलं होतं तुमी आधी सांगताल."
आधी म्हणजे फाईल सापडली त्याच दिवशी. मला कळलं.

तीनदा दादाचा नंबर काढला. पहिल्यांदा रिंग जायच्या आत कापला. दुसऱ्यांदा तो उचलेपर्यंत थांबले, "बोल शितले" म्हणला, मेंढरांचा आवाज होता पाठीमागं. म्हणलं, सहज केला. "जेवलीस का?" म्हणला. व्हय म्हणलं. जेवले नव्हते. तिसऱ्यांदा लावलाच नाय.

चार वाजलेत. पाचला सरांनी आठशेची शेवटची ट्रायल ठेवलीय. आ. दारात उभी राहून बघतीय. पायाला पट्टी बांधून झाली. फोन अजून मांडीवरच हाय.